चुन्याखालची फरशी

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात, मुख्याध्यापकांच्या खोलीच्या दाराशेजारी, भिंतीत एक संगमरवरी फरशी बसवलेली आहे. त्या शाळेत मी चौदा वर्षं शिकवलं आणि त्यातली बारा वर्षं ती फरशी मला दिसली नाही. दर दिवाळीच्या सुट्टीत शाळेला चुना लागायचा, आणि चुना लावणारा गडी भिंतीबरोबर फरशीवरूनही कुंचला फिरवायचा. मी शेजारी उभा राहून ते बघितलेलं आहे. एका वर्षी तर “तो कोपरा राहिला बघ,” म्हणून मीच त्याला दाखवून दिलं. तो कोपरा फरशीचा होता.

मग एका पावसाळ्यात भिंतीला ओल आली, चुन्याचे पोपडे सुटले आणि सातवीतली एक पोरगी मधल्या सुट्टीत ते नखानं काढत बसली. खाली इंग्रजी अक्षरं निघाली. दुसऱ्या दिवशी पोरांनी बादलीभर पाणी आणि घरून आणलेल्या जुन्या बनियनी घेऊन फरशी पुसून काढली. मजकूर चार ओळींचा. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर या गावातून इतके लोक गेले, त्यांपैकी सात जणांनी प्राण दिले. बस्स, एवढंच. मी पोरांना त्याचं मराठी करून सांगितलं. ती पोपडे काढणारी पोरगी म्हणाली, “गुरुजी, सात कोण?”

मला उत्तर देता आलं नाही. फरशीवर नावं नव्हतीच. नुसता आकडा होता.

मंडळी, स्मारकांबद्दल आज जे सांगायचंय ते सगळं त्या पोरीच्या प्रश्नातनं आलेलं आहे. गावात नवं काही उभं करायचं म्हटलं की आपण उत्साहानं पावतीपुस्तक छापतो. माझी विनंती एवढीच, की त्याआधी गावात जे उभं आहे, आडवं पडलंय किंवा चुन्याखाली गेलंय, ते एकदा वाचा. आणि त्याच्यापुढं उभं राहून “कोण?” असं विचारा.

असल्या फरशा आपल्याकडं पुष्कळ आहेत. साताऱ्यापासून रत्नागिरीपर्यंत ज्या गावांतून पलटणीत माणसं गेली, तिथं चावडीच्या, शाळेच्या नाहीतर देवळाच्या भिंतीत त्या सापडतात. युद्ध संपल्यावर सरकारनं बसवल्या. साताऱ्याजवळचं अपशिंगे तर ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखलं जातं. तिथले ४६ जण पहिल्या महायुद्धात पडले, आणि गावानं ती आठवण हातची जाऊ दिलेली नाही. पोरं अजून लष्करात जातात. पण बाकीच्या कित्येक गावांत फरशीवर लसीकरणाचं वेळापत्रक चिकटवलेलं असतं, नाहीतर वायरमननं तिच्याच कडेला खिळा ठोकून मीटरची वायर ओढलेली असते. त्याचा तरी काय दोष? ती कसली फरशी आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आकडा आहे आणि नाव नाही, हा प्रकार फक्त आपल्या गावचा नव्हे. इराकमध्ये बसऱ्याला त्या युद्धाचं एक मोठं स्मारक आहे, १९२९ सालचं. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, मोहिमेत सहावी पुणे डिव्हिजन होती, तिच्यात मराठा पलटणी होत्या. कुत नावाच्या गावात ती फौज वेढ्यात सापडली, घोडी मारून खायची पाळी आली, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली. ज्यांच्या कबरीचा पत्ता नाही त्यांच्यासाठी पुढं बसऱ्याचं स्मारक झालं. त्यावर गोऱ्यांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीच्या नावापुढं नुसती संख्या. या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननं २०२१ साली अहवाल काढला आणि मेलेल्यांच्या बाबतीत असा भेदभाव झाला हे कबूल केलं. शंभर वर्षांनी! फ्रान्समध्ये नव्ह शापेलला याच युद्धातल्या ४,७०० हून जास्त हिंदी सैनिकांची नावं दगडात आहेत. दिल्लीच्या इंडिया गेटवर १३ हजारांहून जास्त आहेत. म्हणजे नावं कोरता येत नव्हती असं काही नाही.

तुमच्या गावात अशी फरशी असेल तर काम आजच सुरू करता येईल. त्याच कमिशनच्या संकेतस्थळावर मेलेल्या सैनिकांचा शोध घेता येतो, पैसे पडत नाहीत. नाव, पलटण, मृत्यूची तारीख आणि पुष्कळदा बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा एवढं मिळतं. अडचण आहे ती स्पेलिंगची. कारकुनाच्या कानावर गावाचं नाव जसं पडलं तसं त्यानं इंग्रजीत मांडलं. तेव्हा गावाच्या नावाची चार-पाच स्पेलिंगं करून बघा, तालुक्याच्या नावानं बघा, शेजारच्या मोठ्या गावाच्या नावानंही बघा. यादी हाताशी आली की ती घेऊन गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडं जा. आधी कुणाला काही आठवत नाही. चहा झाल्यावर आठवतं. कुणाच्या घरी देव्हाऱ्यात ब्राँझची जाडजूड गोल तबकडी असते, देव म्हणून पुजलेली. मेलेल्या सैनिकाच्या घरी सरकारनं पाठवलेली असते ती, कडेनं इंग्रजी अक्षरं आणि मधल्या चौकटीत त्याचं नाव. आमच्या गावात एका घरात ती पाटा-वरवंट्याच्या मागं कोनाड्यात निघाली. सुनेला वाटत होतं, सासऱ्यांचं काहीतरी कुस्तीचं बक्षीस असेल.

पाच-सहा महिन्यांत आम्हाला सहा नावं मिळाली. सातवं नाही मिळालं. त्याचं पुढं सांगतो.

नाव कोरल्यानं काय होतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण भीमेकाठी कोरेगावला उभं आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत आपल्या बाजूनं पडलेल्यांसाठी ईस्ट इंडिया कंपनीनं तो स्तंभ बांधला. हेतू उघड होता, आपला विजय मिरवायचा. पण कंपनीनं त्यावर नावं कोरली. ४९ नावं, आणि त्यांतली २२ शेवटी ‘नाक’ असलेली, म्हणजे महार शिपायांची. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं गेले. आज कंपनी नाही, तिचं राज्य नाही, तिच्या त्या विजयाशी कुणाला देणंघेणं नाही. दर १ जानेवारीला लाखो माणसं तिथं येतात ती त्या २२ नावांसाठी येतात. ज्यांना गावानं पाणवठ्यावर येऊ दिलं नाही त्यांचं नाव कुणीतरी दगडात लिहिलं होतं, हे बघायला येतात. बांधणाऱ्याच्या मनातला अर्थ कधीच झडून गेला, लोकांनी आपला अर्थ आणून ठेवला. हे कुणाला पटतं, कुणाला पटत नाही. मला विचाराल तर स्मारक जिवंत असण्याची खूण हीच, की त्याच्याबद्दल अजून बोलणं होतं.

त्याच १९२७ साली २० मार्चला महाडला चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलं. तिथं आता पुतळा आहे, बांधीव काठ आहे. पण गावाकडनं आलेली म्हातारी माणसं पुतळ्याला हात जोडून झाले की पायऱ्या उतरून खाली जातात आणि पाण्याला हात लावतात. मी स्वतः बघितलंय. त्यांना कुणी सांगावं लागत नाही की स्मारक नेमकं कुठलं.

आता जरा शहरातल्या मंडळींशी बोलतो, कारण चौकाला नाव देण्यावरून तिथं डोकी फुटायची वेळ येते.

पुण्यात रिक्षावाल्याला ‘लकडी पूल’ म्हणा, तो मीटर टाकतो. त्या पुलात आज लाकडाची ढलपी नाही. पानिपतानंतर तिथं लाकडी पूल झाला, तो केव्हाच गेला, आजच्या पुलाला छत्रपती संभाजी महाराजांचं नाव आहे. तोंडात मात्र लकडी. नदीनं थोडं खाली आलात की १९२३ सालचा पूल. शंभरी उलटली तरी तो ‘नवा पूल’. मुंबईचा काळा घोडा घ्या. त्या घोड्यावर इंग्लंडचा युवराज बसलेला होता, पुढं सातवा एडवर्ड झाला तो. अल्बर्ट ससूननं पैसे घातले, १८७९ साली पुतळा उभा राहिला. लोकांनी वर बसलेल्याकडं पाहिलंच नाही, घोडा पाहिला. १९६५ साली पुतळा उचलून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला तरी चौक काळा घोडाच राहिला, आणि शेवटी २०१७ साली तिथं पुन्हा एक काळा घोडा बसवला. या खेपेला पाठीवर कुणी नाही. (राणीची बागही कागदोपत्री कधीची वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झालीय. बघा, मीसुद्धा सवयीनं राणीची बागच लिहून गेलो.)

ही सगळी खुणांची कामं. खूण म्हणजे वाट दाखवणारी वस्तू, ‘तिथनं डावीकडं वळा’ म्हणायला उपयोगी पडणारी. पिंपळ, पार, टॉकीज, पत्र्या मारुती. तिच्यात आठवण असेलच असं नाही. पाटी रंगवली की आठवण झाली, असा आपला समज असतो, तो खोटा आहे. एखाद्या थोर माणसाचं नाव चौकाला दिलं आणि पुढं चाळीस वर्षं त्या चौकात त्या माणसाबद्दल कुणी चार वाक्यं बोललं नाही, तर ते नाव वाहतुकीच्या बातम्यांपुरतं उरतं. “अमक्या चौकात ट्रक उलटला.” याला मान म्हणायचं असेल तर म्हणा.

मुंबईतच एक गोष्ट मात्र शहाणपणाची झाली. फ्लोरा फाउंटनचं १८६४ चं कारंजं होतं, वर रोमन देवी. २१ नोव्हेंबर १९५५ ला त्याच परिसरात संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला. पुढं राज्य झालं तेव्हा कारंजं फोडलं नाही. शेजारी मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार उभे केले, आणि चौक हुतात्मा चौक झाला. देवी आपल्या जागी, हुतात्मे आपल्या जागी. जुनं न पाडता नवं सांगता येतं, हे तिथं उभं राहिलं की कळतं. पण तिथंही माझा तोच प्रश्न. हुतात्मे किती, तर कुणी १०५ सांगतो, कुणी १०६, कुणी १०७. त्यांतली दोन नावं सांगा म्हटलं तर? मी स्वतः एक मे रोजी पंचवीस वर्षं झेंड्याखाली भाषण केलं. मला येत नव्हती.

परत गावाकडं येऊ. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते वीरगळांबद्दल.

तुमच्या गावात मारुतीच्या नाहीतर महादेवाच्या देवळामागं, पाराला टेकून, ओढ्याच्या काठी कमरेएवढ्या उंचीचे कोरीव दगड असतील. त्यावर एकावर एक चौकटी असतील. लोक त्यांना ‘पांडव’ म्हणतात, ‘भूतबाबा’ म्हणतात, कधी ‘जुने देव’ म्हणतात. तो वीरगळ. वाचायचा खालून वर. सगळ्यात खाली लढाई चाललेली, त्यात पडलेला वीर, बहुधा आडवा. बाजूला गाई कोरलेल्या असतील तर तो गावची गुरं पळवून नेणाऱ्यांशी लढताना पडला असं समजा. वरच्या चौकटीत त्याला अप्सरा हाताला धरून नेतायत. त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, म्हणजे पोचला. अगदी माथ्यावर कलश आणि दोन बाजूंना चंद्र-सूर्य, ते असेतोवर ही कीर्ती राहील म्हणून. चार चौकटींत एका माणसाची पूर्ण गोष्ट, अक्षर न वाचता येणाऱ्यालाही कळेल अशी. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला सहा वीरगळ आहेत, त्यावर वल्ह्यांची गलबतं आणि समुद्रावरची लढाई कोरलीय. आजूबाजूला इमारती उठल्या, पण त्या दगडावरचा समुद्र अजून तिथंच आहे.

त्यांच्याच शेजारी कोपरातून वर उचललेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला दगड दिसला तर ती सतीशिळा. तीही ठेवायची. तिची ओटी भरून गौरव करायचा नाही आणि लाज वाटते म्हणून पुरायचीही नाही. इथं एक बाई जाळली गेली, हे पोरींना त्या दगडापुढंच नीट सांगता येतं. आणि एखाद्या दगडावर वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख आणि खाली गाढव आणि बाई असं काही दिसलं, तर तो गधेगळ. दान दिलेली जमीन कुणी बळकावू नये म्हणून दिलेली ती उघडी शिवी आहे. सात-बारा नव्हता तेव्हाची व्यवस्था म्हणा! पुष्कळ गावांत तो अश्लील म्हणून पालथा घालतात आणि पायरीला लावतात. पालथा घातलेला दगड दिसला तर खाली काय आहे ते एकदा बघाच. अलिबागजवळच्या अक्षीचा शिलालेख, ज्याचा काळ शके ९३४ असा वाचला गेला आणि जो मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांत गणतात, तोही कित्येक वर्षं रस्त्याच्या कडेलाच उभा होता. जाणारे-येणारे त्याच्याकडं बघत नव्हते.

या दगडांचं वाटोळं शत्रूनं केलेलं नाही. आपण केलंय, आणि बहुतेक वेळा भक्तीनं. देवळाचा जीर्णोद्धार निघतो, ठेकेदार येतो, जुने दगड भरावात जातात. उरले त्यांना ऑइलपेंट. वीराला निळा, घोड्याला पांढरा, अप्सरेला गुलाबी. वर्गणी देणाऱ्यांच्या यादीत माझंही नाव आहे, पाचशे एक रुपये. रंग वाळल्यावर मी कौतुकसुद्धा केलं, किती उठून दिसतंय म्हणून. दोन पावसाळ्यांत रंग फुगला, पापुद्रे धरले आणि पापुद्र्याबरोबर वीराच्या चेहऱ्याचा पातळ थर निघून आला. आता तिथं चेहरा नाही.

तेव्हा हात जोडून सांगतो. ऑइलपेंट नको, वॉर्निश नको, ॲसिड नको, तारेचा ब्रश नको. दगड सिमेंटमध्ये रोवू नका. सिमेंट पाणी धरून ठेवतं आणि दगड बुडातनं झिजतो. शेंदराला मी मोडता घालू शकत नाही, कारण तिथं कुणाची तरी श्रद्धा असते. पण समोर एक साधा गोटा ठेवून शेंदूर त्याला लावा असं गुरवाला सुचवलं, तर तो बहुधा ऐकतो. आमच्यानं ऐकलं. धूळ-माती काढायची असेल तर साधं पाणी आणि मऊ ब्रश, तेही हलक्या हातानं. अक्षरं दिसत नाहीत म्हणून त्यांत खडू किंवा रांगोळी भरू नका. त्यापेक्षा रात्री जा आणि बॅटरी दगडाच्या एका बाजूला, अगदी कडेला धरा. उन्हात सपाट वाटणाऱ्या दगडावर सावल्या पडतात आणि घोडा, तलवार, अक्षर, सगळं उठून येतं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा सोबतची पोरं ओरडलीच. मोबाइलमध्ये तो फोटो काढा, जागा लिहून ठेवा, दगड जिथं आहे तिथंच ठेवा. जागा बदलली की अर्धी गोष्ट जाते. उगाच कुणी तिथं दगड उभा केलेला नसतो. तो माणूस बहुधा तिथंच कुठंतरी पडलेला असतो.

कायद्यानं काय होतं, असं विचाराल. केंद्राच्या यादीतल्या स्मारकाची नासधूस केली तर १९५८ च्या कायद्याखाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. राज्याचाही आपला १९६० चा कायदा आहे. पण तुमच्या ओढ्याकाठचा वीरगळ बहुधा कुठल्याच यादीत नाही. त्याला पहारेकरी नाही, कुंपण नाही, निळी पाटी नाही. फोटो आणि जागेची माहिती जोडून राज्याच्या पुरातत्त्व खात्याला आणि तहसीलदारांना अर्ज जरूर द्या, पोच घ्या. ग्रामसभेत ठराव घ्या आणि गावच्या दप्तरात दगडांची नोंद करा. उद्या रस्ता रुंद करताना जेसीबीच्या पुढं धरायला तेवढा एक कागद असतो.

जुलै २०२५ मध्ये आपले बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. फटाके वाजले, चांगलं झालं. पण त्या किल्ल्यांच्या तटावर बाणात अडकवलेले बदामही आहेत आणि त्यात नावंही आहेत. तरुण पोरांनो, नाव कोरायची हौस माणसाला पहिल्यापासून आहे, मी समजू शकतो. कार्ल्याच्या चैत्यगृहात जाऊन खांब बघा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या साध्या माणसांची नावं तिथं कोरलेली आहेत, धेनुकाकट गावचे लोक, त्यांत यवनही आहेत. पण त्यांनी आधी खांब दिला आणि मग नाव घातलं. तुम्हीही खांब द्या, नाव आम्ही घालू. नाणेघाटात तर सातवाहनांच्या घरातल्या माणसांचे पुतळे होते. आज पायांच्या खुणा तेवढ्या उरल्यात. वर कोरलेली नावं मात्र अजून वाचता येतात.

आता नवी स्मारकं. ती उभारू नका असं मी म्हणत नाही. उभारा, पण घाईनं नको. पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा बघा, शिल्पकार नानासाहेब करमरकर, सासवन्याचे. पायाचा दगड १९२१ मध्ये बसला, पुतळा १९२८ मध्ये उभा राहिला. मालवणला राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ ला महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. नऊ महिनेसुद्धा नाहीत. समोरच्या पाण्यात महाराजांनी बांधलेला सिंधुदुर्ग साडेतीनशे वर्षं लाटा खातोय. दोन्ही जागा एकाच नजरेत दिसतात, मला त्यावर वेगळं बोलायला नको.

तुमच्या गावात हुतात्मा जवानाचं, शिक्षकाचं, दुष्काळात विहीर खणून देणाऱ्या बाईचं स्मारक करायचं ठरलं, तर आधी झाडलोट कोण करणार ते ठरवा. माणसाचं नाव घेऊन ठरवा. ‘ग्रामपंचायत करेल’ म्हणजे कुणी करणार नाही. मग मजकूर लिहा. आमच्या शेजारच्या गावात एका जवानाचं स्मारक झालं. काळ्या ग्रॅनाइटची कोनशिला, वर ‘यांच्या शुभहस्ते’, मग ‘यांच्या अध्यक्षतेखाली’, मग ‘प्रमुख उपस्थिती’ची अकरा नावं हुद्द्यांसकट. जवानाचं नाव खाली एका ओळीत. तो कुठं पडला, कधी पडला, किती वर्षांचा होता, काही नाही. त्याची आई प्रत्येक पंधरा ऑगस्टला तिथं येऊन बसते, आणि तिच्या डोक्यावर अकरा पुढाऱ्यांची नावं असतात. तेव्हा पाटीवर लिहा ते त्या माणसाचं. पूर्ण नाव, जन्म, मृत्यू, गाव, काय केलं, कुठं केलं. साध्या मराठीत, ‘अजरामर’ आणि ‘तेजोमय’ न घालता. पन्नास वर्षांनी एखादं पोर समोर येऊन “कोण?” म्हणालं तर दगडानं उत्तर दिलं पाहिजे. उद्घाटकांना शाल-श्रीफळ द्या, दगड देऊ नका.

आणि वर्षातला एक दिवस ठरवा. भाषणं नकोत. फक्त त्या दगडापुढं उभं राहून एकानं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. दहा मिनिटं लागतात.

आमच्या फरशीचं सांगायचं राहिलं. सहा नावं मिळाल्यावर ती फरशीवर कोरावीत असा एक विचार आला, गावातला एक फरशीवाला फुकट करून द्यायलाही तयार होता. आम्ही नको म्हटलं. फरशी ज्यांनी जशी बसवली तशीच राहू दे, त्यांनी नावं लिहिली नाहीत हेही दिसू दे. खाली एक लाकडी फळी लावली आणि पोरांनी पांढऱ्या रंगानं तिच्यावर सहा नावं लिहिली, पलटण आणि तारखेसकट. ग्रामसभेत एकजण म्हणाला, सातव्या ठिकाणी ‘अज्ञात’ लिहून टाका, फळी पूर्ण दिसेल. ती पोपडे काढणारी पोरगी तेव्हा दहावीत गेली होती, आईबरोबर सभेला आलेली. म्हणाली, “अज्ञात कसा? त्याच्या घरच्यांना माहीत होतं की.” सातवी ओळ रिकामी ठेवली.

मध्ये एकदा वरच्या वस्तीवरची एक आजी आली. सहांतला एक तिच्या सासऱ्यांचा चुलता. वाचता येत नव्हतं. कुठं लिहिलंय म्हणाली, मी फळीवरचं नाव दाखवलं. मग वरच्या फरशीवर काय आहे म्हणाली. तिचं बोट धरून मी त्या इंग्रजी सातावर ठेवलं. तिनं बोटानं तो सात दोनदा गिरवला, आणि फळीवरच्या मोकळ्या जागेकडं बघून विचारलं, “आणि हितं कोण?”

शोध चालू आहे म्हटलं. गेल्या दिवाळीत मी असाच शाळेत डोकावलो, आता निवृत्त आहे. नवा रंगारी होता, परगावचा. व्हरांड्यात शिडी लावून उभा. मला बघून म्हणाला, “बाबा, या फरशीवर पेपर चिकटवून घेऊ ना? पोरं सांगून गेलीत, रंगाचा थेंब पडता कामा नये.”